आक्कांच्या वेलाची पांढरी फांदी

आमच्या समोरच्या दारातल्या आक्कांच्या मनी प्लांटची पांढरी फांदी मी कापली. एका रविवारी दुपारी, सगळी बिल्डिंग जेवून आडवी झालेली असताना, अर्ध्या ब्लेडनं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

वाचणाऱ्याला हसू येईल, याची मला कल्पना आहे. मनी प्लांट नेला ही काय चोरी झाली? आमच्याकडं तो चोरूनच आणायचा असतो. मागून आणला किंवा विकत घेतला तर घराला लागत नाही, अशी समजूत. निम्म्या कोल्हापूरच्या खिडक्यांतले वेल असेच कुणाच्या ना कुणाच्या कंपाउंडवरून आलेले असणार. ज्याचा जातो तोही फार मनाला लावून घेत नाही. एखादी शिवी हासडतो, विसरतो. माझंही असंच हसण्यावारी गेलं असतं. गेलं नाही, कारण त्या फांदीपायी एका बाईवर आळ आला, आणि तो येताना मी दारात उभा होतो.

आधी वेलाबद्दल सांगतो. वेल अण्णांचा. अण्णा म्हणजे आक्कांचे यजमान. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारींना नवं वाइंडिंग भरून देण्याचं त्यांचं दुकान होतं. घरात कानडी, दारात मराठी. दुकान भाच्याच्या हाती दिल्यावर त्यांना हाताला चाळा उरला नाही, तेव्हा ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात त्यांनी हा वेल लावला आणि दोन दारांच्या मधल्या पॅसेजमध्ये, सिमेंटच्या जाळीपाशी ठेवला. साधा हिरवा नव्हे. प्रत्येक पानावर पांढरे फराटे, जणू कुणी चुन्यात बुडवलेला कुंचला झटकलाय. चार-पाच वर्षांत तो भिंतीवरून जिन्याच्या कठड्यापर्यंत गेला आणि तिथून खाली लोंबायला लागला.

अण्णा त्याला मोटारीसारखाच हाताळत. डब्यात बोट घालून बघायचे, दोन पेरांइतकी माती कोरडी लागली तरच पाणी. जुन्या बनियनच्या ओल्या तुकड्यानं एकेक पान पुसायचे. चैत्र-वैशाखात जाळीतून ऊन थेट आलं की पुठ्ठा लावायचे. जळालेल्या मोटारींतून निघालेल्या तांब्याच्या तारेच्या छोट्या कड्या वळून त्यांनी भिंतीतल्या खिळ्यांना अडकवल्या होत्या आणि वेल त्यांतून सैल ओवला होता. "आवळायचं न्हाय सर," मला म्हणायचे, "आवळलं की मोटार बी जळती आणि झाड बी."

निखळ हिरवा फुटवा आला की ते नखानं खुडायचे. "ह्यो माजला की पांढऱ्याला खाऊन टाकतोय."

आणि एक फांदी होती जिच्यावर हिरवा ठिपकाही नव्हता. देठासकट पांढरी, सात-आठ पानांची, दुधाची साय असावी तशी. जिना चढून येणारा प्रत्येक माणूस तिच्यापाशी थांबायचा. अण्णा तिला घरजावई म्हणायचे.

"गोरा हाय, देखणा हाय, पर कमवत काय न्हाय. हिरव्यांच्या जिवावर बसून खातोय. वायला काढला, येगळा लावला, तर चार दिवसांत उपाशी मरंल."

आतून आक्कांचा आवाज यायचा, "तुमच्यापेक्षा बरा हाय की. गप तरी बसतोय."

मी हसायचो. अण्णा झाडाविषयी काहीतरी खरं सांगतायत हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. ऐकलेल्यापेक्षा छापलेल्यावर माझा विश्वास जास्त.

पुढं अण्णांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागायचं. मुलगी जयसिंगपूरला दिलेली, मुलगा नाही. कॉलेजच्या आधी सकाळी मी त्यांना माझ्या गाडीतून सोडायचो. सव्वा वर्ष सोडलं. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढच्या गोष्टीत त्याचा वाटा आहे म्हणून लिहितो. अण्णा गेले. शेवटच्या महिन्यात, हाताला सुयांच्या गाठी आलेल्या असताना, स्टुलावर बसून त्यांनी त्या पांढऱ्या फांदीला एक नवी कडी वळून घातली होती. ते त्यांचं शेवटचं काम.

आक्कांनी वेल जसाच्या तसा ठेवला. दर सोमवारी महादेवाची पूजा झाली की बनियनचा तुकडा घेऊन पानं पुसायला यायच्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरांत एकच मावशी काम करायच्या. शिरोळकडच्या. पुरात घराच्या भिंती बसल्या म्हणून पोरीला घेऊन कोल्हापूरला आलेल्या. भांडी, फरशी आणि जिना झाडणं. जिना झाडताना त्या वेलापाशी यायच्या आणि केरसुणी थांबायची. एकदा मी चपला घालत दारात होतो, तेव्हा त्या आक्कांना म्हणाल्या, "आक्का, ह्यातली एक फांदी द्या की मला. ही गोरी."

"मागून लागत नसतंय गं. चोरून न्यायचं असतंय."

"मी कशाला चोरतो? तुमी द्या, मी उजळ माथ्यानं नेतो."

"दुसरी कुठली बी घे, चल. ही सोडून. ही त्यांनी बांधलीया."

"मग ऱ्हाऊ दे. मला हीच आवडलीया. हिच्याकडं बघत बघत तर तुमचा जिना झाडतो मी, न्हायतर कंबर कुठं वाकती."

"माझ्या सुनंसारखी बोलायलीस," आक्का म्हणाल्या. सून त्यांना नव्हतीच. दोघी खूप हसल्या. मीही हसलो आणि जिना उतरलो.

उतरता उतरता माझ्या मनात आलं ते आज स्पष्ट लिहितो. मला वाटलं, मावशी मागू शकते, तिला दुसरी कुठलीही घे म्हणतात, आणि मी सव्वा वर्ष गाडी चालवली, मला कुणी एक पान हवं का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. मागितली असती तर आक्कांनी मला ती फांदीही दिली असती कदाचित. पण मागणं मला जमत नाही. आमच्या घरात याला स्वाभिमान म्हणतात. मी स्वतःही बरीच वर्षं तेच म्हणत आलो.

मग तो रविवार. कॉलेजात पुस्तकांची पानं ब्लेडनं कापणाऱ्यांकडून जप्त केलेली ब्लेडं माझ्या खणात असतात, त्यातलंच अर्धं शनिवारी मी पाकिटात घालून आणलं होतं. म्हणजे ठरवूनच. पॅसेजमध्ये गेलो, पेराच्या खाली तिरका काप दिला, कुठंतरी वाचलं होतं तसा. फांदी ओढली तर तांब्याची कडी खिळ्यावरून निसटून तिच्याबरोबरच आली. ती परत अडकवायला दोन सेकंद लागले असते. कुणाच्या तरी घरात भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी तेवढेही थांबलो नाही. ओल्या रुमालात गुंडाळून फांदी गाडीच्या डिकीत टाकली, आणि घरी येऊन झोपलो. झोप लागली, हेही सांगायला हवं.

सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर आक्कांचा आवाज आला. आक्कांचा आवाज मुळातच मोठा, पण हा निराळा होता. "अय्यो, माझी फांदी! कुणी नेली गं माझी फांदी!"

दारं उघडली. वरच्या मजल्यावरच्या बाई कठड्यावरून वाकल्या. मीही आलो, निम्म्या गालाला फेस. आक्का मोकळ्या खिळ्याकडं बघत उभ्या होत्या, हातात ओला तुकडा. तेवढ्यात मावशी जिना चढून आल्या.

"कुठं लावलीस?" आक्का म्हणाल्या.

"काय लावलो?"

"फांदी. गोरी."

मावशींनी वेलाकडं बघितलं. तोंडावर हात ठेवला. "आगं आई गं. कुणी तोडली?"

"तूच सांग की. तुलाच पाहिजे होती."

"मागितलो होतो, आक्का. मागणारा माणूस चोरल का?"

"मीच म्हणलो होतो न्हवं, चोरून ने म्हणून. माझंच तोंड. पर चेष्टा कळू ने व्हय गं माणसाला?" आक्कांचा आवाज फुटला. "त्यांनी बांधलेली होती गं ती."

"माझ्या पोरीची आन घेऊन सांगतो, मी न्हाय तोडली."

"पोरीला मधी आणू नगंस."

आणि मग आक्का माझ्याकडं वळल्या. "सर, तुमी होता त्या दिवशी. तुमीच सांगा, हिनं मागितली होती का न्हाय?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं. मावशींच्या चेहऱ्यावर तर थोडा धीर आल्यासारखं दिसलं, सर आहेत म्हटल्यावर.

मी म्हणालो, "मागितली होती, हे खरं आहे."

एवढंच बोललो. खोटा शब्द एक नाही. गालावरचा फेस वाळायला लागला होता, तो पुसायच्या निमित्तानं मी आत वळलो. मागं मावशी म्हणत होत्या, "पर दादा, मी ती ऱ्हाऊ दे बी म्हणलोतो की. ते सांगा की." मी नळ सोडला.

त्या दिवसापासून मी त्या एका वाक्यावर उभा आहे. फांदी कापली ती गंमत म्हणून खपली असती. त्या क्षणी "आक्का, मी नेली, चोरून न्यायची असते म्हणालात ना" असं म्हटलं असतं तर आक्कांनी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, पाचव्या दिवशी हसल्या असत्या. मला ते सुचलं नव्हतं असंही नाही. वाक्य तयार होतं तोंडात.

आठवडाभरात बिल्डिंगमध्ये गोष्टी वाढल्या. वरच्या बाईंना त्यांची हरवलेली वाटी आठवली. तळमजल्यावरच्यांना आठवलं की मावशींची पिशवी जाताना फुगलेली असते. एकेका घरानं काम बंद केलं. माझी बायको म्हणाली, "आपण तरी ठेवूया. बाई तशी नाही, मला माहीत आहे." मी म्हणालो, "समोरासमोर दारं आहेत, कशाला वाद?" माझा स्वभावच वाद टाळण्याचा, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं तेच कारण धरलं.

मावशींकडं आमच्या घराची एक किल्ली असायची. ती द्यायला त्या आल्या. दारातच उभ्या राहिल्या, या म्हटलं तरी आत आल्या नाहीत.

"वैनी, एकदा घर बघून घ्या. माझ्यामागं काय गेलं म्हणून नगं."

बायको रडायला लागली. "अहो मावशी, काहीतरीच काय?"

"न्हाय, बघूनच घ्या. दादा, तुमी बघा. तुमी वाचणारं-लिवणारं माणूस, तुमची साक्ष चालती."

टोमणा होता की भाबडेपणा, मला आजही ठरवता येत नाही. मी किल्ली घेतली. नंतर कळलं, त्या पोरीला घेऊन गावाकडं परत गेल्या.

फांदी कॉलेजात होती. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीत, शाईच्या रिकाम्या बाटलीत, पाणी घालून. सगळे कौतुक करायचे. दहाव्या दिवशी पानांच्या कडा चहाचे डाग पडावेत तशा तपकिरी व्हायला लागल्या. पाणी बदललं, जागा बदलली, कुणीतरी सांगितलं म्हणून कोळशाचा तुकडा टाकला. मूळ एकही फुटलं नाही. आमचा शिपाई म्हणाला, "सर, हे झाड अंगात रगात नसल्यागत करतंय." तेव्हा मला अण्णा आठवले. वायला काढला तर उपाशी मरंल. पानात हिरवा कण नाही, तर ते अन्न बनवणार कशानं? माझ्याच ग्रंथालयात यावर शंभरेक पुस्तकं असतील. तिसऱ्या आठवड्यात देठ मऊ पडला आणि मी ती बाटलीसकट कचऱ्यात टाकली. कडी तेवढी ठेवली. खणात, ब्लेडांच्या डबीत.

म्हणजे एका बाईचं चार घरांचं काम गेलं, त्यातून माझ्याकडं काहीही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं नाही. पण नाही आलं.

मागं राहिलेल्या वेलाचंही बिघडलं. आक्कांचं मन उडालं. सोमवारचं पुसणं राहिलं, हिरवे फुटवे कुणी खुडेना. दोन वर्षांत वेल निखळ हिरवा झाला. जोमानं वाढला, पण पांढरा फराटा औषधाला नाही. मग आक्कांचे गुडघे धरले, आणि मुलगी त्यांना ऑपरेशनसाठी जयसिंगपूरला घेऊन गेली. जाताना आक्का मला म्हणाल्या, "सर, डबा तुमच्या दारात घेऊन ठेवा. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ?"

तेव्हापासून तो वेल मी सांभाळतो आहे. बोट घालून माती बघतो. बनियनचा तुकडा माझाच. डबा तोच ठेवला, माती भुसभुशीत करून घातली, जाळीजवळ उजेडात सरकवला, कारण अंधारात वेल हिरवंच धरून बसतो हे आता वाचलं आहे. ज्या देठावर सालीत बारीक पांढरी रेघ सापडली, तिथल्या पेरापर्यंत वेल छाटला आणि वाट बघितली. बायको म्हणायची, "स्वतःच्या मुलांची शाळेची वही कधी इतकी तपासली नाहीत." तिला वाटतं मला उतारवयात झाडांचा नाद लागला.

यंदा उन्हाळ्यात त्या पेरातून एक पान उलगडलं. निम्मं हिरवं, निम्मं पांढरं. पुढची दोनही तशीच. मी फोनवरून आक्कांना फोटो पाठवला. मुलीनं त्यांना दाखवला असणार. लगेच फोन आला, आणि आक्का इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की बायकोला स्वयंपाकघरात ऐकू गेलं. "बघा! चोरानं नेलं ते देवानं परत दिलं. चांगल्या माणसाच्या हाताला यश असतंय सर. मला आता तिकडं यायला होत न्हाय. तुमीच घेऊन या की झाड."

गेल्या महिन्यात घेऊन गेलो. गाडी गॅरेजला होती, म्हणून एसटीनं. डबा मांडीवर, आणि शर्टाच्या खिशात ती तांब्याची कडी. आज सांगायचंच, असं ठरवून निघालो होतो. वाक्यंही रचली होती, सुरुवातीचं आणि मधलं.

जयसिंगपूरच्या स्टँडबाहेर जवळच्या शिरोळ भागातल्या भाजीवाल्या बसतात. मी रिक्षा बघत होतो. "ओ पावणं, मेथी घ्या की, ताजी हाय," असा आवाज आला. मी वळलो आणि आम्ही दोघांनीही एकदमच ओळखलं.

"अगं बया. दादा तुमी?"

मावशी. केस पिकलेले, बाकी तशाच. वैनी कशा हायत, पोरं काय करतात, सगळं विचारलं. पोरीचं लग्न झालं म्हणाल्या, आजऱ्याकडं दिली, काजूच्या कारखान्यात जाते. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या डब्यावर गेली. तो रंगाचाच डबा, त्यांनी कितीदा उचलून खालचं झाडलेलं.

"हे आक्कांचं झाड न्हवं?"

"हो. आक्का इथंच असतात आता, मुलीकडं. त्यांनाच द्यायला चाललोय."

मावशींनी ओल्या हातानं नवं पान हळूच उचलून बघितलं. "पांढरं आलंय की परत." मग म्हणाल्या, "दादा, आक्कांस्नी माझा एक निरोप सांगशीला?"

"सांगतो की."

"म्हणावं, ती फांदी मी न्हाय तोडली. एवढंच. लई वर्सं झाली, राग न्हाय माझ्या मनात. त्यांच्या घरातला माणूस गेलावता, त्यांचं बी बरोबर हुतं. पर त्या म्हाताऱ्या झाल्या, मी बी झालो. मरायच्या आदी त्यांस्नी ठावं असावं."

मी म्हणालो, "सांगतो." कडी खिशात होती. डब्याला धरलेला माझा हात तिथून एक वीत लांब असेल. मावशींनी मेथीची जुडी माझ्या पिशवीत घातली, पैसे घेतले नाहीत. "वैनीस्नी द्या. माझी आठवण म्हणून."

आक्का खाटेवर बसल्या होत्या. वेल बघून त्यांना रडू आलं, मग त्या हसल्या, मग त्यांनी पानांवरून हात फिरवला, तसाच जसा मघाशी मावशींनी फिरवला होता. मुलीनं चहा आणला. आक्का तिला सांगत होत्या, "ह्या माणसानं तुझ्या अण्णाला सव्वा वर्ष दवाखान्यात न्हेलं. एका शब्दानं कधी काय मागितलं न्हाय." मग माझ्याकडं वळून, "सर, वाटंत काय तरास झाला न्हाय न्हवं? कोण भेटलं का ओळखीचं?"

मी म्हणालो, "नाही, कुणी नाही."

पूर्वी खरं बोलून मी एक वाईट काम केलं होतं. या वेळी सरळ खोटं बोललो.

चहा पिऊन मी उठलो. परत येताना मेथीच्या जुडीमुळं पिशवी ओली झाली होती. बायकोनं विचारलं, जयसिंगपूरहून मेथी कशाला आणली? मी म्हणालो, ताजी दिसली.

हे लिहून काही फिटत नाही, हे मला कळतं. छापलेलं आक्का वाचत नाहीत, मावशींना वाचता येत नाही. तांब्याची कडी अजून माझ्याकडं आहे, ती आक्कांची आहे. मावशींचा निरोप आक्कांना पोचवायचा आहे. आणि फांदी मी कापली, हे त्या दोघींना, दोघी समोर असताना, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.